दोष तबकडीचा नव्हे

आमचे दुकान धारवाडास सुभाष रोडवर. कापडाच्या ठाणांमागील माळ्यावर एका सागवानी पेटीत अण्णांनी जमविलेल्या तबकड्या आहेत. मल्लिकार्जुन मन्सूर (१९१०-१९९२), गंगूबाई हनगल (१९१३-२००९), बसवराज राजगुरू ही मंडळी धारवाड-हुबळीकरांना दुरून ऐकण्याचे कलावंत नव्हते. ती वाटेत भेटणारी, नमस्कार घेणारी माणसे होती. अण्णा प्रत्येक गाठीमागे घासाघीस करीत. मात्र तबकडीच्या किमतीत त्यांनी एक आणाही कमी करून मागितला नाही, याचे आम्हां भावंडांना फार नवल वाटे.

गेल्या वर्षी चिरंजीवांनी पुण्याहून नवा टर्नटेबल आणला. घरच्या जुन्या ध्वनिवर्धकामागे ‘पिकअप’ असे लिहिलेले छिद्र होते, त्यात तार खोवली आणि मन्सूरांची तबकडी लावली. आवाज आला तो भिंतीपलीकडून आल्यासारखा. डग्गा जवळजवळ नाहीसाच झालेला. तानपुऱ्याची नुसती किणकिण. दुरुस्तीस आलेल्या गृहस्थांनी निर्वाळा दिला की तबकड्या झिजल्या. मीही रद्दीवाल्याशी बोलून ठेवले. पण आईने पेटीची किल्ली दिली नाही, म्हणून व्यवहार दोन दिवस लांबला, आणि त्या दोन दिवसांत खरा दोष हाती लागला. ज्या सभासदांच्या घरी अशा पेट्या असतील त्यांच्यासाठी तो येथे सांगतो.

सुईची हालचाल विजेत बदलणारा जो लहानसा तुकडा, तो कार्ट्रिज. आपल्याकडे पूर्वी घरोघरी असलेल्या बहुतेक रेकॉर्ड-प्लेअरांत तो क्रिस्टल किंवा सिरॅमिक जातीचा असे. दाब पडला की वीज देणारा हा पदार्थ कित्येकशे मिलिव्होल्ट देतो. आजच्या टर्नटेबलावर बहुधा चुंबकाचा, म्हणजे मूव्हिंग मॅग्नेट, कार्ट्रिज येतो. तो जेमतेम चार-पाच मिलिव्होल्ट देतो. पोती तोलण्याच्या काट्यावर गुंजभर सोने ठेवले तर काटा हलत नाही. म्हणून सोने खोटे ठरत नाही. आमच्या ध्वनिवर्धकाचे छिद्र पोत्यांचे होते.

परंतु आवाज केवळ क्षीणच नव्हता, पोकळही होता. त्याचे कारण तबकडी कापण्याच्या रीतीत आहे. खर्जाचे स्वर जसेच्या तसे कापले तर चरी इतक्या रुंद वळणे घेतील की शेजारच्या चरीत शिरतील. म्हणून कापताना खर्ज दाबतात आणि वरचे बारीक स्वर उचलतात. दोन्ही टोकांना हा फरक सुमारे दहापट असतो. वाजविताना तो नेमका उलटा फिरवावा लागतो. ही उलटसुलट कशी करावी यावर १९५४ मध्ये अमेरिकेतील ध्वनिमुद्रण व्यवसायाच्या संघटनेने एक वक्ररेषा ठरविली, आणि पुढे जगभर तीच मान्य झाली. सिरॅमिक कार्ट्रिजचा स्वभावच असा की ही भरपाई बहुतांशी आपोआप होते. चुंबकाच्या कार्ट्रिजला ती ध्वनिवर्धकाच्या फोनो विभागाने करून द्यावी लागते. तो विभाग आमच्या जुन्या यंत्रात नव्हताच. डग्गा तबकडीत होता. आम्ही त्याला बाहेर येऊ देत नव्हतो.

उलट चूकही घडते. जुना सिरॅमिक कार्ट्रिज फोनोच्या छिद्रास जोडला तर आवाज फाटतो. शिवाय त्याला एक मेगओहमच्या आसपास रोध हवा असतो आणि तेथे मिळतो ४७ किलोओहम.

आम्ही एक स्वतंत्र फोनो पेटी घेतली. ती संकेत सुमारे शंभरपट वाढविते, म्हणजे पाच मिलिव्होल्टचा अर्धा व्होल्ट होतो. डग्गा परत आला, आई येऊन बसली, आणि मला वाटले काम झाले. झाले नव्हते. तारसप्तकात मन्सूरांचा आवाज कर्कश लागू लागला, आणि त्यांचा आवाज तसा नव्हता, हे येथील कोणीही सांगेल.

दोष तारेत निघाला. ध्वनिवर्धक कपाटात ठेवण्याच्या सोयीसाठी मी तीन मीटर तार घेतली होती. तारेत मीटरमागे साधारण शंभर पिकोफॅरड धारिता असते, त्यात पेटीची स्वतःची भर. कार्ट्रिजमधील वेटोळे आणि ही धारिता मिळून एक अनुनाद होतो. धारिता दोनशे असता तो सोळा हजार कंपनांजवळ राहतो, कानाला फारसा बोचत नाही. साडेचारशे झाली की दहा-अकरा हजारांवर उतरतो आणि तेथेच खुपतो. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम-९५-ई ला १०० ते २०० पिकोफॅरड हवेत, ऑर्टोफॉनच्या टू-एम-रेडला १५० ते ३००. हे आकडे माहितीपत्रकात छापलेले असतात. मालाचे बीजक दोनदा वाचणारे आम्ही व्यापारी, पण तो कागद खोक्याबरोबर टाकून दिला होता! तार एक मीटरची केली, पेटी टर्नटेबलाशेजारी आणली, आवाज निवळला.

मूव्हिंग कॉइल जातीच्या कार्ट्रिजचा हिशेब निराळा. जपानच्या नभोवाणीसाठी घडविलेला डेनॉनचा डीएल-१०३ केवळ ०.३ मिलिव्होल्ट देतो. त्याला हजारपट वाढ आणि शंभर ओहमांच्या आसपासचा रोध लागतो, किंवा मध्ये एक छोटा ट्रान्सफॉर्मर. तरुण मंडळींनी तो ऐकीव स्तुतीवरून घेण्यापूर्वी आपल्या ध्वनिवर्धकात तशी सोय आहे की नाही ते पाहावे.

पेटीच्या तळाशी ७८ फेऱ्यांच्या काही तबकड्या आहेत. त्यांतील दोन गंगूबाईंच्या उमेदवारीच्या काळातल्या. त्या दिवसांत कंपनीने त्यांचे नाव ‘गांधारी’ असे छापले होते. या तबकड्यांची चर रुंद असते. लॉन्ग-प्ले तबकडीची सुई तिच्या तळाशी घासत जाते आणि खरखरीखेरीज फारसे काही देत नाही. शिवाय त्या १९५४ पूर्वीच्या, तेव्हा प्रत्येक कंपनीची वक्ररेषा वेगळी. आमच्या कार्ट्रिजवर बसणारी ७८ ची जाड सुई मागविली आहे. ती येईपर्यंत पेटीची किल्ली आईकडेच राहील.