दुरुस्तीच्या नावाखाली

28 नोव्हेंबर 2025 रोजी केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाने मोबाइल कंपन्यांना एक आदेश दिला. भारतात विकायच्या प्रत्येक नव्या फोनमध्ये ‘संचार साथी’ हे सरकारी अ‍ॅप 90 दिवसांच्या आत आधीपासूनच घातलेले असावे, फोन पहिल्यांदा सुरू करताना ते ग्राहकाच्या नजरेस पडावे आणि त्यातली कोणतीही सोय बंद पाडलेली नसावी, असे त्यात म्हटले होते. बातम्यांत गाजला तो हा भाग. पण आदेशात आणखी एक कलम होते आणि मला तेच अधिक गंभीर वाटते. जे फोन तयार होऊन विक्रीसाठी रवाना झालेले आहेत, त्यांत हे अ‍ॅप सॉफ्टवेअर अपडेटमधून पोहोचवण्याचा प्रयत्न कंपन्यांनी करावा, असे ते कलम सांगत होते. त्यावर काहूर उठले, नको असेल तर अ‍ॅप काढून टाकता येईल असा खुलासा दूरसंचारमंत्री ज्योतिरादित्य शिंदे यांनी केला आणि 3 डिसेंबरला सक्ती मागे घेतली गेली. प्रकरण आठवडाभरात निवळले. त्या कलमामागची कल्पना मात्र सरकारची नव्हतीच. सॉफ्टवेअर कंपन्या हा मार्ग कितीतरी वर्षे वापरत आल्या आहेत आणि आजही वापरतात.

अपडेट आपोआप होणे गरजेचे आहे, हे आधी निःसंकोच मान्य करायला हवे. लाखो ओळींच्या प्रोग्रामात चुका राहतातच. त्या सापडतात तेव्हा चोरांच्या आधी दुरुस्ती आपल्यापर्यंत पोहोचावी लागते. 12 मे 2017 रोजी ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर प्रोग्रामने दीडशेच्या आसपास देशांतले संगणक ओलीस धरले, तेव्हा तो ज्या भगदाडातून शिरला त्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने 14 मार्चलाच देऊन ठेवली होती. ती ज्यांनी घेतली नव्हती ते सापडले. म्हणून तज्ज्ञ कानीकपाळी ओरडून सांगतात की अपडेट चालू ठेवा, आणि ते बरोबरच सांगतात. पण त्यांचे ऐकून आपण काय देऊन बसतो, तेही पाहिले पाहिजे. आपण झोपलेले असताना, आपल्याला न विचारता, सर्वोच्च अधिकारांनिशी यंत्रात शिरून हवा तो बदल करण्याची मुभा आपण एका कंपनीला देतो. ही मुभा दुरुस्तीपुरती आहे. तिच्या आडून दुसरा माल आत सरकवला की तो विश्वासघात ठरतो आणि त्याची किंमत शेवटी दुरुस्तीलाच मोजावी लागते, असे माझे म्हणणे आहे.

मार्च 2008 मध्ये अ‍ॅपलने विंडोजच्या संगणकांवर हे करून पाहिले. गाणी ऐकण्यासाठी लोकांनी आयट्यून्स घेतले होते, त्याच्यासोबत अ‍ॅपलचा अपडेट करणारा प्रोग्राम आला होता. एके दिवशी त्याच्या चौकटीत ‘सफारी’ हा ब्राउझर दिसू लागला. तो त्या संगणकावर कधीच नव्हता, तरी त्याच्या नावापुढे बरोबरची खूण आधीच केलेली होती. रोजच्या सवयीने बटण दाबणाऱ्याच्या संगणकात नवा ब्राउझर दाखल होत असे. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचे तेव्हाचे प्रमुख जॉन लिली यांनी यावर जाहीर टीका केली. अशाने लोकांचा अपडेटवरचा विश्वास उडेल, हा त्यांचा मुद्दा होता. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट अपडेटने फायरफॉक्समध्ये स्वतःचे एक अ‍ॅड-ऑन न विचारता बसवले आणि ते काढायचे बटण निष्क्रिय ठेवले. पुढे त्यात सुरक्षेची त्रुटी निघाली आणि ऑक्टोबर 2009 मध्ये मोझिलाला ते काही काळ रोखावे लागले. जावाच्या सुरक्षा अपडेटसोबत ‘आस्क’ या सर्च इंजिनचा टूलबार तर वर्षानुवर्षे येत राहिला.

सगळ्यांवर कडी केली ती विंडोज 10ने. 2015 मध्ये विंडोज 7 आणि 8.1 च्या संगणकांवर एका साध्या क्रमांकाच्या अपडेटमधून नव्या आवृत्तीची जाहिरात करणारा प्रोग्राम आला. मग कित्येकांच्या संगणकात काही जीबींच्या फायली गुपचूप उतरू लागल्या. भारतात तेव्हा बहुतेकांचे इंटरनेट मोजून-मापून मिळणारे होते, हे लक्षात घ्या. 2016 च्या फेब्रुवारीत ही नवी आवृत्ती ‘शिफारस केलेल्या’ अपडेटच्या यादीत गेली. त्यानंतर जी चौकट यायची तिच्या कोपऱ्यातली फुली दाबली तरी ठरलेल्या वेळी बदल व्हायचाच. संगणक वापरणाऱ्या माणसाला फुली म्हणजे ‘नको’ एवढेच वर्षानुवर्षांत कळलेले असते. इथे त्या नकाराचाच होकार झाला. वैतागून कित्येकांनी अपडेटच बंद करून टाकले आणि तसे करायचे उपाय एकमेकांना सांगितले. वर्षभराने वॉनाक्राय आला. त्यात सापडलेल्यांपैकी बहुसंख्य संगणक विंडोज 7चे होते, म्हणजे ज्यांना अपडेटची धास्ती घ्यायला लावले गेले त्याच गटातले. वॉनाक्रायचे सगळे खापर मायक्रोसॉफ्टच्या त्या मोहिमेवर फोडणे अन्यायाचे होईल. पण सुरक्षेच्या वाटेवर विक्री सुरू केली की लोक ती वाटच बंद करतात, हे मात्र तिने दाखवून दिले.

त्याच वर्षी, 27 जून 2017 ला, नवी मुंबईजवळच्या न्हावा-शेवा येथील जेएनपीटी बंदरातले एक टर्मिनल ठप्प झाले. ते चालवणारी कंपनी मर्स्क समूहाची होती आणि मर्स्कची यंत्रणा जगभर ‘नॉटपेट्या’ने कोलमडली होती. हा घातक प्रोग्राम सुरू कुठून झाला? युक्रेनमध्ये कराच्या हिशेबासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका सॉफ्टवेअरच्या अधिकृत अपडेटमधून. हल्लेखोरांनी त्या छोट्या कंपनीच्या यंत्रणेत शिरकाव केला आणि ग्राहकांनी विश्वासाने उघडे ठेवलेले दार वापरले. कंपनीचा हेतू वाईट नव्हता, तरी न्हावा-शेव्यात कंटेनर अडकून पडले. या दारातून जितक्या जास्त गोष्टी आत जातील तितका धोका वाढतो. म्हणूनच त्यातून अत्यावश्यक तेवढेच जायला हवे.

यावर पहिला आक्षेप असा की, आत येणारी वस्तू चांगली असेल तर बिघडले कुठे? संचार साथी उपयोगी आहे, यात शंका नाही. हरवलेला फोन त्यातून बंद करता येतो, आपल्या नावावर किती सिमकार्डे आहेत ते कळते, फसव्या कॉलची तक्रार करता येते. सक्ती मागे घेताना सरकारनेच सांगितले की 1 कोटी 40 लाख लोकांनी ते घेतलेले आहे. उत्तर त्या आकड्यातच आहे. उपयोग पटला तर लोक स्वतःहून घेतात, मग मागच्या दाराची गरज काय? हे अ‍ॅप अँड्रॉइडवर कॉल, एसएमएस आणि कॅमेऱ्याची परवानगी मागते. इतके अधिकार मागणारी वस्तू मागवणाऱ्याने मागवलेली असणेच बरे.

दुसरा आक्षेप, नको असेल तर काढून टाका. काढून टाकणे ज्याला जमते त्याला त्रास नाहीच. पण स्वस्त फोन घेणारा, मुलाने लावून दिलेली सेटिंग तशीच वापरणारा माणूस आहे ते चालवून घेतो आणि कंपन्यांचा सगळा हिशेब याच माणसावर बेतलेला असतो. शिवाय काढू देण्याची सक्तीही आपल्याकडे टिकली नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने 20 ऑक्टोबर 2022 रोजी गूगलला 1337.76 कोटी रुपयांचा दंड केला, त्यासोबत आधीच घातलेली गूगलची अ‍ॅप काढायला ग्राहकाला मज्जाव करू नये असेही बजावले. 29 मार्च 2023 ला अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण हा आदेश रद्द केला. आणि काढून टाकायचे तर ते आत आहे हे आधी कळावे लागते. 2018 च्या ऑगस्टमधली घटना अनेकांना आठवत असेल. असंख्य फोनच्या संपर्क यादीत आधार प्राधिकरणाचा जुना हेल्पलाइन क्रमांक न साठवता दिसू लागला होता. तो 2014 मध्ये अनवधानाने अँड्रॉइडच्या सेटअपमध्ये घातला गेल्याची कबुली गूगलने दिली. चार वर्षे तो कोणाच्या लक्षातही आला नव्हता.

सरकारने नागरिकाच्या खासगी जागेत किती शिरावे, या प्रश्नाची कसोटी ठरलेली आहे, आणि ती न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या नावाने ओळखली जाते. कर्नाटक उच्च न्यायालयातून निवृत्त झाल्यावर उतारवयात ते आधारविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. 24 ऑगस्ट 2017 ला नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यात हस्तक्षेप करायचा तर कायद्याचा आधार हवा, रास्त हेतू हवा आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा. बनावट आयएमईआय क्रमांक, म्हणजे फोनचे खोटे ओळख क्रमांक, रोखणे हा संचार साथीच्या आदेशामागचा हेतू रास्त आहे. पण त्यासाठी देशात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक फोनमध्ये अ‍ॅप घालणे प्रमाणात बसत नाही, विशेषतः तीच तपासणी वेबसाइटवरून आणि एसएमएसने होत असताना.  अपडेट लिहिणाऱ्या अभियंत्यांनाही ही तीन कलमे शिकवली जावीत, असे मला मनापासून वाटते.

सर्वांत अवघड आक्षेप हा की दुरुस्ती कुठे संपते आणि भर कुठे सुरू होते, हे ठरवणार कोण? काही सुधारणांत दोन्ही मिसळलेले असते, हे खरे. पण कंपन्या ही रेघ रोज ओढतात. अँड्रॉइड सुरक्षा दुरुस्तीची तारीख वेगळी दाखवते, विंडोजमध्ये ऐच्छिक अपडेटची यादी वेगळी असते. कायद्याने भाग पाडले की ती तर फारच स्वच्छ ओढता येते. युरोपात डिजिटल मार्केट्स कायद्याची अंमलबजावणी मार्च 2024 मध्ये सुरू झाल्यापासून तिथल्या विंडोजमधून एज ब्राउझर काढून टाकता येतो. ऑफिसचे प्रोग्राम असलेल्या विंडोज संगणकांवर 365 कोपायलट अ‍ॅप आपोआप बसवण्याची योजना मायक्रोसॉफ्टने 2025 मध्ये जाहीर केली, तेव्हा युरोपीय आर्थिक क्षेत्र वगळले. तेच सॉफ्टवेअर, तेच अभियंते, आणि इथल्या ग्राहकाला मात्र ती मोकळीक नाही. आपला 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमती मोकळी, नेमकी आणि स्पष्ट कृतीतून दिलेली असावी असे म्हणतो, पण त्याचा रोख माहितीवर आहे, यंत्रात शिरणाऱ्या प्रोग्रामवर नाही. त्या कायद्यात, नाहीतर स्पर्धा कायद्यात, एवढे कलम घालायला हवे: सुरक्षेची दुरुस्ती एकटी मिळाली पाहिजे, नवे अ‍ॅप वेगळे विचारून आणि खूण न केलेल्या चौकोनासह आले पाहिजे, आणि ते नाकारणाऱ्याची दुरुस्ती अडवता कामा नये. सरकारी अ‍ॅपही या कलमातून सुटता कामा नये.