कुत्रं फुकट मिळतंय, मग एवढे प्रश्न कशाला? रेस्क्यू ग्रुपकडून कुत्रा दत्तक घेताना नेमकं काय होतं?

दिवाळी सरली की इन्स्टाग्रामवर अशा पोस्टची रांग लागते. बंद रिक्षाखाली सापडलेली चार पिल्लं, पुठ्ठ्याच्या खोक्यात एकमेकांवर झोपलेली, आणि खाली ओळ: 'घर हवंय, प्लीज शेअर करा'. तुम्ही शेअर करता. कधीतरी धीर करून मेसेजही टाकता, 'मला हवंय'.

उत्तरात पत्ता येत नाही, गुगल फॉर्म येतो. घर स्वतःचं की भाड्याचं? घरात कोण कोण आहे, सगळ्यांची तयारी आहे का? दिवसातले किती तास कुत्रा एकटा राहील? गावी जाताना त्याचं काय करणार? काही फॉर्ममध्ये लग्न ठरलंय का, परदेशात जायचा विचार आहे का, हेही विचारलेलं असतं. बरेच जण इथेच वैतागतात. रस्त्यावरचं पिल्लू घरात घेतोय, उपकार करतोय, आणि वर आमचीच चौकशी?

ही चौकशी का होते, हे समजायला आधी हे ग्रुप चालतात कसे ते बघावं लागेल.

ग्रुप म्हणजे कोण?

बहुतेक ठिकाणी ग्रुप म्हणजे पाच-दहा माणसं आणि एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. कुणी आयटीत, कुणी शिक्षिका, कुणी कॉलेजात. ना ऑफिस, ना पगार. बऱ्याचदा स्वतःची जागाही नसते. रस्त्यावरून उचललेला कुत्रा कुणाच्या तरी टू बीएचकेत, गॅलरीत किंवा बाथरूमशेजारच्या कोपऱ्यात राहतो. याला 'फॉस्टर' म्हणतात, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंतचं तात्पुरतं घर. डॉक्टरांकडे उधारी असते, आणि ती फेडायला अधूनमधून क्यूआर कोडची पोस्ट पडते.

महापालिकेचं नसबंदी केंद्र ही वेगळी गोष्ट. तिथे कुत्र्याची नसबंदी आणि रेबीजची लस झाली की त्याला जिथून उचललं तिथेच सोडायचं, असं २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम सांगतात. ग्रुपकडे येतात ते ज्यांना परत सोडणं शक्य नसतं: आई मेलेली पिल्लं, गाडीखाली पाय गेलेली कुत्री, किंवा कुणीतरी हौसेने विकत घेऊन नंतर हायवेला सोडून दिलेला लॅब्राडोर. हा शेवटचा प्रकार वाटतो त्याहून बराच जास्त आहे.

आकडे बघा. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात सुमारे १.५३ कोटी भटकी कुत्री होती, त्यातली सुमारे १२.७६ लाख महाराष्ट्रात. आयसर कोलकात्याच्या संशोधकांनी रस्त्यावर जन्मलेल्या ३६४ पिल्लांचा माग ठेवला. प्रजननाच्या वयापर्यंत त्यातली जेमतेम १९ टक्के जगली, आणि जी गेली त्यातल्या बहुतेकांच्या मृत्यूला या ना त्या प्रकारे माणूस कारणीभूत होता. हा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला.

म्हणजे घरं थोडी, पिल्लं ढीगभर. मग मागेल त्याला देऊन मोकळं का होत नाहीत?

कारण पिल्लू परत येतं

दोन महिन्यांचं पिल्लू कुणालाही आवडतं. तेच सहाव्या-सातव्या महिन्यात चपला फाडतं, सोफा कुरतडतं, पट्टा ओढतं, दारावर कुणी आलं की इमारत डोक्यावर घेतं. नेमकी याच वयात 'आता जमत नाही' अशी मेसेजेस यायला लागतात. ते पिल्लू आता पिल्लू राहिलेलं नसतं, त्यामुळे त्याला दुसरं घर मिळणं महाकठीण. आणि फॉस्टरवाल्याच्या घरात तोवर पुढची तीन आलेली असतात.

मेसेज करणारे तरी बरे. काही जण सरळ सोडून देतात. घरात वाढलेला कुत्रा रस्त्यावर टिकत नाही, कारण प्रत्येक गल्ली आधीच दुसऱ्या टोळीची असते. त्याला ना गाड्यांची सवय, ना अन्न शोधायची. प्राणी सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? १० ते ५० रुपये. कायदा आला तेव्हा ती रक्कम मोठी असेल, आज त्यात धड वडापावही येत नाहीत. त्यामुळे कायद्याचा धाक शून्य, आणि ग्रुपच्या हातात एकच गोष्ट उरते: देण्याआधी नीट विचारून घेणं.

आता तेच प्रश्न पुन्हा वाचा. भाड्याचं घर असेल तर घरमालकाची परवानगी मागतात, कारण ११ महिन्यांचा करार संपला की कुत्रा रस्त्यावर येऊ शकतो. घरातल्या सगळ्यांना भेटायचं असतं, कारण मुलांच्या हट्टाने आणलेलं पिल्लू शेवटी आईच्या गळ्यात पडतं, आणि तिला कुणी विचारलेलंच नसतं. 'कुत्रा कुठे ठेवणार?' याचं उत्तर 'गच्चीवर' किंवा 'बांधून, राखणीला' असं आलं तर शहरातले बहुतेक ग्रुप नकार देतात. एकट्या राहणाऱ्या मुलामुलींना मात्र काही ग्रुप सरसकट नाही म्हणतात, आणि हे अन्यायाचं आहे. चार जणांच्या दुर्लक्ष करणाऱ्या कुटुंबापेक्षा एकटा, पण वेळ देणारा माणूस कधीही बरा. असा नकार आला तर दुसरा ग्रुप बघावा, नाद सोडू नये.

नसबंदीची अट तर जवळपास सगळेच घालतात. कुत्रीचा गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा, आणि सहाव्या महिन्यानंतर ती केव्हाही माजावर येऊ शकते. एका वेळी चार-सहा पिल्लं झाली की ती पुन्हा त्याच ग्रुपच्या दारात. म्हणूनच मादी पिल्लं कुणी घेत नाही, हे या क्षेत्रातलं जुनं दुखणं आहे. खरं तर एक ऑपरेशन झालं की हा प्रश्नच मिटतो.

घर बघायला कुणी येतं तेव्हा

फॉर्म पटला की फोन, मग 'होम चेक'. यात तुमचा टीव्ही किती इंची आहे ते कुणी बघत नाही. चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीच्या गजांतून पिल्लू जाईल का, दार उघडलं की थेट रस्ता आहे का, हे बघतात. अनेकदा जाळी लावायला सांगतात. काही जण व्हिडिओ कॉलवर भागवतात.

त्यानंतर करारपत्र. कुत्रा तिसऱ्याला देणार नाही, नसबंदी करू, लसी चुकवणार नाही, नाही जमलं तर ग्रुपलाच परत देऊ, अधूनमधून फोटो पाठवू, अशा अटी असतात. ओळखपत्राची प्रत मागितली तर 'मास्क्ड आधार' द्या. त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात, आणि आधारच्या अधिकृत साइटवरून ते डाउनलोड करता येतं.

आता तुम्ही विचारा

चौकशी एकतर्फी असण्याचं कारण नाही. चांगला ग्रुप उलटे प्रश्न आले तर खूशच होतो.

सगळ्यात आधी लसीकरणाचं कार्ड मागा. डिस्टेंपर, पार्वो वगैरेची एकत्रित लस साधारण सहा ते आठ आठवड्यांना सुरू होते आणि सोळाव्या आठवड्यापर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी परत द्यावी लागते. रेबीजची लस तिसऱ्या महिन्याच्या आसपास, पुढे डॉक्टर सांगतील तसा बूस्टर. जंतांचं औषध कधी दिलं, तेही लिहिलेलं हवं. पिल्लू आठ आठवड्यांच्या आतलं असेल तर थांबा. आईपासून आणि भावंडांपासून त्याआधी तोडू नये.

पार्वोबद्दल मुद्दाम सांगायला हवं. विषाणू शरीरात गेल्यावर लक्षणं दिसायला बहुतेक वेळा तीन ते सात दिवस जातात. त्यामुळे उड्या मारत घरी आलेलं पिल्लू चौथ्या दिवशी अचानक उलट्या आणि रक्ताचे जुलाब करू शकतं. घरगुती उपाय न करता त्याच तासाला डॉक्टरांकडे न्यायचं. तुमच्या घरी आधी पार्वोने पिल्लू गेलं असेल तर ते ग्रुपपासून लपवू नका. हा विषाणू जागेत कित्येक महिने टिकतो.

मोठा कुत्रा असेल तर सरळ विचारा: कधी कुणाला चावलाय का? लहान मुलांशी, मांजरांशी कसा वागतो? फॉस्टरच्या घरी किती दिवस राहिलाय? घर मिळावं म्हणून स्वभाव गोड करून सांगणारे स्वयंसेवकही असतात. त्यामुळे एकदोनदा भेटून, फिरवून मगच ठरवा.

पैशांचं काय? दत्तक म्हणजे विक्री नाही. लस-नसबंदीचा खर्च काही ग्रुप मागतात आणि त्यात गैर काही नाही, पण डॉक्टरांचं बिल दाखवायला हवं. मात्र 'शुद्ध जातीचं पिल्लू फ्री, फक्त गाडीभाडं आधी पाठवा' अशी पोस्ट दिसली की ती फसवणूकच समजा. कुत्रा समोर बघितल्याशिवाय एक रुपयाही पाठवायचा नाही.

पहिले दिवस

रेस्क्यूवाले तीन-तीन-तीनचा हिशेब सांगतात. पहिले तीन दिवस घाबरण्याचे, तीन आठवडे रुळण्याचे, तीन महिन्यांनी घर आपलं वाटतं. हा ढोबळ अंदाज आहे, पण डोक्यात असलेला बरा. पहिल्या दिवशी कुत्रा पलंगाखाली बसेल, कदाचित जेवणारही नाही. त्याला अंघोळ घालू नका, बघायला नातेवाईक बोलावू नका. नवा कुत्रा पळून जाण्याची भीतीही याच काळात जास्त. साध्या गळपट्ट्यातून डोकं सहज निसटतं, म्हणून बाहेर नेताना हार्नेस हवाच.

पोळी-दुधावर कुत्रा वाढतो हा आपल्याकडचा आवडता समज. दुधाने अनेक कुत्र्यांचं पोट बिघडतं, आणि नुसत्या पोळीत पुरेसं प्रोटीन नसतं. चॉकलेट, कांदा, द्राक्षं आणि बेदाणे तर विषारी. म्हणजे प्रसादाचा शिरासुद्धा नाही.

सोसायटीवाले अडवतील ही धास्ती अनेकांना असते. भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला बहुमतानेही पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्टसाठी वेगळे पैसेही घेता येत नाहीत. पण घाण उचलणं तुमचं काम, आणि महापालिकेचा परवानाही काढायचा.

कोर्टाच्या आदेशाने काय बदललं?

दिल्लीतली सगळी भटकी कुत्री उचलण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी बदलला. त्यातला एक मुद्दा बातम्यांत मागे पडला: प्राणिप्रेमींना महापालिकेकडे अर्ज करून रस्त्यावरचा कुत्रा दत्तक घेता येईल. अशा कुत्र्याला टॅग लावायचा आणि तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही, ही जबाबदारी घेणाऱ्याची. पुढे ७ नोव्हेंबर २०२५ रोजी शाळा, रुग्णालयं, बस डेपो, रेल्वे स्टेशन अशा आवारांतली कुत्री निवाऱ्यात हलवायला सांगितलं, आणि ती परत तिथे सोडायची नाहीत, असंही. अशी कुत्री बहुतेक मोठ्या वयाची. म्हणजे पिल्लांसोबत आता त्यांनाही घरं हवीत.

मोठा कुत्रा माणसाला लागत नाही, असं म्हणतात. त्यात तथ्य नाही. त्याचा आकार आणि स्वभाव आधीच कळलेला असतो, चपला फाडायचं वय उलटलेलं असतं, अनेकांची नसबंदीही झालेली असते. दिवसभर ऑफिसात जाणाऱ्या घराला दोन महिन्यांच्या पिल्लापेक्षा तीन वर्षांचा गावठी कुत्रा जास्त सोयीचा.

आणि सगळं करूनही नाहीच जमलं तर? बदली होते, आजारपण येतं, बाळाला अ‍ॅलर्जी निघते. अशा वेळी ग्रुपला लगेच कळवा आणि नवं घर मिळेपर्यंत कुत्रा सांभाळायची तयारी ठेवा, त्याला महिना-दोन महिने लागू शकतात. ओळखीच्या कुणाच्या 'शेतावर सोडून' येऊ नका. तिथे काय झालं हे विचारायला कुणी परत जात नाही.