साखळीला वळवणारे चाक

नेहमीच्या सायकलची साखळी पायडलजवळचे चेनव्हील आणि मागचे फ्रीव्हील या दोन दातेरी चाकांवरून फिरते आणि त्यांच्या दरम्यान तिच्या वाटेत काहीच येत नाही. रिकम्बंट, म्हणजे मागे रेलून पहुडल्यासारखे बसून चालवायच्या सायकलीच्या अनेक घडणींत मात्र पायडले पुढच्या चाकाच्याही पुढे असतात, त्यामुळे साखळी अडीच-तीनपट लांब होते आणि आसन, सांगाडा व चाक यांना चुकवत तिला वळवून न्यावे लागते. हे वळवण्याचे काम करणाऱ्या, पण स्वतः कशालाही गती न देणाऱ्या चाकाला आयडलर म्हणतात.

फ्रान्सिस फोर याने १९३३ साली शार्ल मोशे याने घडवलेल्या रिकम्बंट सायकलीवर तासाभरात ४५.०५५ किलोमीटर अंतर कापून ऑस्कर एग याचा १९१४ चा ४४.२४७ किलोमीटरचा विक्रम मागे टाकला, परंतु आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने १९३४ मध्ये ही घडण अधिकृत शर्यतींतून वगळली. आयडलर सायकलच्या साध्या दुकानात सहसा मिळत नाही आणि तो पुष्कळदा जुळवून किंवा घडवून घ्यावा लागतो, त्यामागे या एका निर्णयाचाही वाटा आहे.

जुळवाजुळव सुरू करण्यापूर्वी आयडलर साखळीच्या कोणत्या बाजूवर बसणार आहे, हे ठरवावे लागते. चेनव्हीलकडून मागे परत जाणारी सैल बाजू केवळ गिअर बदलणाऱ्या डिरेलरच्या स्प्रिंगने ताणलेली असते, म्हणून तिथे जुन्या डिरेलरमधले छोटे दातेरी चाक किंवा मधोमध खाच पाडलेले स्केटचे चाकही चालते. ओढणाऱ्या बाजूचे गणित अगदी वेगळे आहे. १७० मिलिमीटरच्या क्रँकवर ५० किलो वजनाइतका जोर दिला आणि चेनव्हील ४२ दात्यांचे असले, तर साखळीत सुमारे १०० किलोचा ताण येतो, आणि ती ३० अंशांत वळत असेल तर आयडलरच्या आसावर सुमारे ५२ किलोचा भार पडतो; वळण ६० अंशांचे असेल तर हा भार साखळीच्या ताणाइतकाच होतो. ही बाजू शक्य तितकी सरळ ठेवणे आणि जे वळण टळत नाही तेवढेच आयडलरवर सोपवणे, हाच खरा कारागिरीचा भाग आहे.

मोठा आयडलर नेहमी बरा. १० दात्यांच्या चाकावर चढताना आणि उतरताना साखळीची प्रत्येक कडी ३६ अंशांत दुमडते, २० दात्यांच्या चाकावर १८ अंशांत, आणि कडी जितकी कमी दुमडेल तितके घर्षण व खडखड कमी होते. गुळगुळीत प्लास्टिकच्या चाकावर मात्र कड्यांच्या बाजूच्या पट्ट्याच टेकतात व कालांतराने त्यात चरे पाडतात, म्हणून ओढीच्या बाजूला दातेरी चाक अधिक टिकते.

लेथवर आयडलर करायचा तर अ‍ॅसिटल हे कठीण प्लास्टिक नायलॉनपेक्षा उजवे ठरते, कारण नायलॉन हवेतले पाणी शोषून फुगते. तरीही अ‍ॅसिटल उष्णतेने पोलादाच्या सुमारे नऊपट प्रसरण पावते, म्हणून बेअरिंगसाठी कोरलेले भोक किंचित लहान ठेवून बेअरिंग दाबून बसवावे लागते. ६०८ क्रमांकाचे बेअरिंग सर्रास मिळते: आतले भोक ८, बाहेरचा व्यास २२ आणि जाडी ७ मिलिमीटर. अशी दोन बेअरिंगे घातल्यास त्यांच्या आतल्या कड्यांमध्ये नेमक्या मापाचे बुश असावेच लागते, नाहीतर बोल्ट आवळताच गोळ्यांवर आडवा दाब येतो आणि चाक जड फिरू लागते.

आयडलर घट्ट जागी खिळवला, की गिअर बदलताना डावी-उजवीकडे सरकणाऱ्या साखळीला तो अडवतो. म्हणून त्याला आसावर काही मिलिमीटर सरकण्याची मुभा द्यावी, किंवा तो मागच्या चाकापासून पुरेसा दूर, आसनाखाली बसवावा. एकाच बाजूने धरलेला बारीक बोल्ट ५०-६० किलोच्या ओढीखाली वाकतो, चाक तिरपे होते आणि साखळी दाते सोडू लागते. दोन्ही बाजूंनी पकडणारी पट्टी आणि साखळी जिथे चाक सोडते तिथे ती उसळू नये म्हणून लावलेली एक खुंटी, यांनी तो दोष थांबतो.