तिसऱ्या घंटेआधी
पुण्यात राहून एकांकिका स्पर्धा पाहिली नसेल, तर यंदा पाहाच! महाराष्ट्रीय कलोपासकची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा १९६३ पासूनची. पावसाळ्यात सदाशिव पेठेतलं भरत नाट्य मंदिर कॉलेजच्या पोरांनी दणाणतं. पडद्यामागे कुणी खिळे ठोकतंय, कुणी ओठांतल्या ओठांत संवाद घोकतंय. घंटा झाली की सगळं चिडीचूप!

नाटकाची गोडी लागली, की शहरही नव्यानं कळतं. बालगंधर्व रंगमंदिराची कोनशिला १९६२ मध्ये खुद्द बालगंधर्वांनी बसवली, पण १९६८ चं उद्घाटन पाहायला ते नव्हते. वर्षभर आधीच ते गेले.

छंद म्हणून बॅकस्टेजला हात लावून बघा. नेपथ्य उचलता उचलता जिवाभावाची माणसं मिळतात.