‘त्यालाच विचारा!’

जुलै २०२४ मध्ये दादा गेला. त्या वेळी तो २८ वर्षांचा होता. दादा माझ्या नात्यातला नव्हता, माझा रुग्ण होता. त्याची धाकटी बहीण बोलू लागली तेव्हा तिने त्याला दादा म्हटले. मग आई-वडील, शेजारीपाजारी, समोरचे किराणा दुकानदार आणि शेवटी मीसुद्धा, सगळेच त्याला दादा म्हणू लागलो. दादा स्वतः मात्र जन्मभर एक शब्दही बोलला नाही.

संध्याकाळी तो ओट्यावर त्याच्या खास खुर्चीत बसलेला असे. गावच्या सुताराने मापे घेऊन बनवलेली ती खुर्ची होती. पाठीला उंच फळी, कमरेला पट्टा, पायाखाली पाट आणि मागे सायकलची दोन चाके. बाजारातून येणारा-जाणारा त्याला हाक मारी आणि तो घर दणाणून सोडील असा हसे. बोलणे नव्हते, पण हसणे होते. गल्लीला त्याची सवय झाली होती. आज तो ओटा रिकामा दिसतो, म्हणून या आठवड्यात त्याच्याविषयी आणि त्याच्यासारख्या मुलांविषयी लिहीत आहे. अशी मुले आपल्या प्रत्येक तालुक्यात आहेत. पुष्कळदा ती आतल्या खोलीत असतात, एवढेच.

कावीळ आणि मेंदू

दादाचा जन्म जानेवारी १९९६ चा, आजोळी झालेला. तिसऱ्या दिवशी बाळ पिवळे दिसू लागले. ‘कोवळ्या उन्हात धरा, उतरेल’ असे वडीलधाऱ्यांनी सांगितले. पाचव्या दिवशी ते दूध ओढेना, किंचाळल्यासारखे रडू लागले आणि धनुष्यासारखे मागे वाकू लागले. तेव्हा त्याला शहरात नेले. जीव वाचला, पण मेंदूला इजा झालेली होती.

नवजात बाळाला कावीळ होणे नवे नाही. पूर्ण दिवसांच्या निम्म्याहून अधिक बाळांना ती थोडीफार होते व आपोआप जाते. रक्तातील तांबड्या पेशी मोडल्या की बिलिरुबिन नावाचे पिवळे द्रव्य तयार होते. ते बाहेर टाकण्याचे काम यकृताचे. नवजात बाळाचे यकृत अजून सरावलेले नसते, म्हणून ते द्रव्य साठते. फारच साठले तर ते मेंदूत शिरते आणि हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या खोलवरच्या केंद्रांना व ऐकण्याच्या मार्गाला इजा करते. दादाचे तसेच झाले. त्याचा हात पेल्याकडे निघायचा आणि भलतीकडेच जायचा. जीभ, ओठ, घसा कह्यात नव्हते, म्हणून बोलणे नाही. डोळे वर नेता येत नसत. गोंगाटात शब्द नीट कळत नसत, शांत खोलीत कळत. विचार करणारा मेंदू मात्र अशा मुलांत पुष्कळदा चांगला शाबूत असतो. हे वाक्य वाचकांनी पुन्हा एकदा वाचावे.

या प्रकाराला सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूचा पक्षाघात म्हणतात. लंडनचे डॉ. विल्यम लिटल यांनी एकोणिसाव्या शतकात अशा मुलांचे सविस्तर वर्णन केले. काविळीखेरीज अपुऱ्या दिवसांचा जन्म, गर्भात असताना होणारा जंतुसंसर्ग, जन्मावेळी प्राणवायू कमी पडणे, मेंदूज्वर अशी अनेक कारणे आहेत आणि कित्येकदा कारण सापडतही नाही. त्यात आईचा दोष नसतो. ग्रहणाचा तर नसतोच नसतो.

काविळीमुळे होणारी ही इजा बहुतेक वेळा टाळता येते. इंग्लंडमधील रॉचफर्डच्या रुग्णालयात १९५६ मध्ये एका परिचारिकेच्या लक्षात आले की, उन्हात नेलेल्या बाळाची जेवढी कातडी उघडी होती तेवढीच कमी पिवळी झाली होती. त्यातून निळ्या प्रकाशाच्या दिव्याखाली बाळाला ठेवण्याचा उपचार निघाला. कावीळ फारच वाढली तर बाळाचे रक्त बदलतात. मग घरी खिडकीतले ऊन का नको? कारण त्याचे प्रमाण मोजता येत नाही, बाळ तापते किंवा गारठते आणि मोलाचे दोन दिवस वाया जातात.

पुढीलपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी बाळाला दवाखान्यात न्यावे:

– जन्मानंतर पहिल्या चोवीस तासांतच पिवळेपणा दिसला.
– तळहात व तळपाय पिवळे झाले.
– बाळ सुस्त पडले, दूध ओढेना.
– रडणे किंचाळल्यासारखे झाले किंवा अंग मागे वाकू लागले.
– शौच पांढुरकी होऊ लागली किंवा कावीळ दोन आठवड्यांनंतरही टिकली.

आईचा रक्तगट ‘निगेटिव्ह’ असेल तर गरोदरपणातच डॉक्टरांना सांगून ठेवावे. बाळ ‘पॉझिटिव्ह’ निघाले तर पुढच्या बाळंतपणासाठी ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन घ्यावे लागते. आणखी एक गोष्ट. ट्रंकेतल्या डांबरगोळ्यांचा वास लागलेली दुपटी बाळाला वापरू नयेत. काही बाळांत जन्मतः एका एन्झाइमची उणीव असते आणि अशा गोळ्यांच्या वाफेनेही त्यांची कावीळ एकाएकी वाढते.

माझी चूक

मी २००२ मध्ये दवाखाना उघडला तेव्हा दादा सहा वर्षांचा होता. पुढची अकरा वर्षे मी त्याला तपासत होतो आणि त्या अकरा वर्षांत मी त्याला एकही प्रश्न विचारला नाही. ‘जेवतो का? झोपतो का? ताप किती होता?’ सारे प्रश्न त्याच्या आईला. तो समोर बसून माझ्याकडे बघत असे.

२०१३ साली दादा सतरा वर्षांचा होता. तो रात्र रात्र ओरडू लागला, अंग ताठ करू लागला, ताट दिसले की मान फिरवू लागला. मी पोट तपासले, छाती तपासली. काही सापडले नाही. ‘वय वाढतंय, चिडचिड होणारच,’ असे म्हणून मी झोपेची गोळी लिहून दिली. तीन आठवडे ते पोर गुंगीत पडून राहिले.

त्याची बहीण तेव्हा नववीत होती. घरात दादाचे एक ‘हो’ आणि एक ‘नाही’ ठरलेले होते. डोळे खाली जमिनीकडे नेले की हो, घट्ट मिटले की नाही. बहिणीने जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत मुळाक्षरे लिहिली. अक्षरे त्याला ठाऊक होती. तिचा अभ्यास तो वर्षानुवर्षे शेजारी बसून ऐकत-बघत आलेला होता. ती एकेका ओळीवर बोट ठेवी: स्वर? क ची ओळ? च ची? ट ची? त ची? त पाशी त्याने डोळे खाली केले. मग त? थ? द? द वर पुन्हा डोळे खाली. काना? हो. नंतर ट ची ओळ, त्यात चौथे अक्षर. शब्द झाला ‘दाढ’.

दाढेखाली गळू झाले होते. मी तोंड उघडून पाहिलेच नव्हते, कारण तो तोंड मिटून घेई आणि मला घाई असे. दंतवैद्यांनी पू काढला, त्या रात्री तो झोपला.

दुसऱ्या दिवशी त्याची आई दवाखान्यात आली. मी सवयीने तिलाच विचारले, “आता कसं वाटतंय त्याला?” ती माउली शांतपणे म्हणाली, “डॉक्टरसाहेब, तो इथंच बसलाय की. त्यालाच विचारा.”

मी त्याच्याकडे वळलो. “दादा, दुखतंय का अजून?” त्याने डोळे घट्ट मिटले. नाही. अकरा वर्षांतले आमचे ते पहिले बोलणे.

पाटी कशी करावी

आपल्या मुळाक्षरांची रचना या कामाला फार सोयीची आहे, कारण अक्षरे आधीच ओळीने लावलेली आहेत. आधी ओळ विचारायची, मग त्या ओळीतले अक्षर. अक्षरओळख नसेल तर चित्रांपासून आरंभ करावा: पाणी, भूक, दुखते, शी-शू, थंडी, बाहेर, नको. ‘नको’ विसरू नये. त्याआधीची पायरी म्हणजे दोन वस्तू समोर धरून ‘यातले कोणते?’ विचारणे. मुंबईच्या आयआयटीत तयार झालेले ‘जेलो’ यासारखे चित्रांचे बोलते फलक आता मोबाईलवरही मिळतात, पण पुठ्ठा आणि खडू यांनाही काम चांगले जमते.

तीन पथ्ये पाळावीत. प्रश्न विचारल्यावर थांबावे. मनात दहापर्यंत मोजावे, कारण उत्तर तयार असले तरी स्नायू उशिरा हलतात. ‘हो’ची खूण त्याला सहज जमणारी असावी. पुष्कळ मुलांना वर बघायला शिकवतात, दादाला ते जमतच नव्हते. आणि त्याचा हात आपल्या हातात धरून अक्षरांवर फिरवू नये. परदेशांत १९९० च्या दशकात ती पद्धत फार गाजली; चाचण्या घेतल्या तेव्हा शब्द मुलाचे नसून हात धरणाऱ्याचे असल्याचे दिसून आले. अशी पाटी दिल्याने बोलणे मागे पडते, हीही समजूत खोटी आहे.

पाटी आल्यावर दादाची मते घरात कळू लागली. दुधी भोपळा त्याला मुळीच आवडत नसे आणि आईने तो सतरा वर्षे ‘पचायला हलका’ म्हणून भरवला होता. बहिणीला बघायला पहिले स्थळ आले तेव्हा घरच्यांनी त्याचेही मत घेतले. त्याने डोळे घट्ट मिटले. का, म्हणून विचारले तर पाटीवर शब्द आले, ‘बघत नाही’. तो मुलगा तासभर बसला होता आणि त्याने एकदाही दादाकडे पाहिले नव्हते. पुढे ज्याच्याशी २०२३ मध्ये लग्न झाले, तो आल्या आल्या खुर्चीपाशी वाकून नमस्कार करून गेला होता.

दुखणे ओळखावे कसे

न बोलणारा माणूस अचानक बदलला की ‘हट्टी झाला’ असे म्हणण्याआधी दुखणे शोधावे. जेवण तुटणे, झोप उडणे, अंग नेहमीपेक्षा ताठ होणे, घाम येणे, कानावर किंवा गालावर मारून घेणे ही दुखण्याची भाषा असू शकते. मग वरपासून खालपर्यंत पाहावे: कान, दात, घसा, जळजळ, बद्धकोष्ठ, लघवीची जळजळ, खुब्याचा सांधा, बसून बसून झालेल्या जखमा, पायाचे नख. बद्धकोष्ठ आणि दात ही दोन कारणे घराघरांत सुटून जातात.

घास आणि श्वास

अशा मुलांना मोठा धोका असतो तो न्यूमोनियाचा. गिळण्याचे स्नायू साथ देत नाहीत, अन्न किंवा लाळ श्वासनलिकेत उतरते आणि छाती भरते. जेवताना खोकला येणे, जेवणानंतर आवाज घरघरणे, वारंवार ताप येणे ही त्याची लक्षणे आहेत. आडवे ठेवून कधीही भरवू नये. पाठ सरळ, हनुवटी किंचित खाली, घास लहान. आधीचा घास गिळला गेल्यावरच पुढचा. पातळ पाण्यापेक्षा दाटसर पेज पुष्कळांना सोपी जाते, पण कोणाला काय सोसते ते तज्ज्ञांकडून ठरवून घ्यावे. जेवणानंतर अर्धा तास बसवून ठेवावे. दोन वेळा दात व जीभ स्वच्छ करावी. तोंडातले जंतू कमी झाले की छातीत उतरणारेही कमी होतात.

दादाच्या आईने हे सारे निगुतीने केले. तरीही वर्षागणिक गिळणे अवघड होत गेले. तीन न्यूमोनियांतून तो उठला. चौथ्या वेळी, २०२४ च्या पावसाळ्यात, मी घरी जाऊन त्याला तपासले. श्वास जोरात चालला होता. मी विचारले, “दादा, शहरात नेऊ का? नळ्या घालतील, त्रास होईल. चालेल?” त्याने डोळे खाली केले. त्याला जगायचे होते. कॅलेंडरची ती पाटी, आता प्लॅस्टिक चढवलेली, त्याच्याबरोबर गेली. तिथल्या सिस्टरने ती दोन दिवसांत शिकून घेतली. नवव्या दिवशी तो गेला.

सरकारी सोयी

दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा एकवीस प्रकारच्या दिव्यांगतांना लागू आहे आणि त्यांत सेरेब्रल पाल्सी येते. जिल्हा रुग्णालयातून प्रमाणपत्र व ओळखपत्र काढून घ्यावे. राष्ट्रीय न्यासाच्या १९९९ च्या कायद्याखाली ‘निरामय’ ही एक लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजना आहे. मूल अठरा वर्षांचे झाले की कायदेशीर पालकत्वाचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे करता येतो. लहान मुलांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात दाखवावे. जितके लवकर, तितके बरे.

आता शेवटची विनंती. तुमच्या घरात न बोलणारे कोणी असेल आणि डॉक्टर फक्त तुमच्याशीच बोलू लागले, तर संकोच न करता सांगा, “त्यालाच विचारा.” डॉक्टरांना क्वचित राग येईल. मलाही आला होता. अर्धा दिवस टिकला. त्यानंतरची अकरा वर्षे मी दादाशी बोलू शकलो, ती त्या एका वाक्यामुळे.