संशयाचे युद्ध, नागपूरपर्यंत

११ सप्टेंबर २००१ नंतर अमेरिकेतील नवपुराणमतवाद्यांनी एक सूत्र रेटले: धोका समोर येण्याची वाट न पाहता आधीच वार करायचा. २००३ मध्ये त्याच सूत्राने इराकवर युद्ध लादले. ज्या महासंहारक अस्त्रांचे कारण दिले, ती सापडलीच नाहीत. पुराव्याच्या जागी संशय बसला होता.

भारताने इराकमध्ये सैन्य धाडण्यास नकार दिला. पण तोच तर्क कायद्याच्या वाटेने घरात आला, असे माझे मत आहे. सुरक्षा परिषदेच्या २००१ च्या १३७३ क्रमांकाच्या ठरावाचा उल्लेख आपल्या ‘यूएपीए’च्या उद्देशिकेत आहे. मुंबईवरील हल्ल्यानंतर, २००८ मध्ये, त्यात दुरुस्ती झाली. आरोप सकृद्दर्शनी खरा वाटला, एवढ्यावर जामीन नाकारता येऊ लागला.

याचा हिशेब आमच्या नागपुरात मांडता येतो. माओवादी संबंधांच्या आरोपावरून प्रा. जी. एन. साईबाबा यांना २०१४ मध्ये अटक, २०१७ मध्ये जन्मठेप झाली. चाकाच्या खुर्चीवरील हा माणूस नागपूर कारागृहात होता. ५ मार्च २०२४ रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना निर्दोष सोडले. १२ ऑक्टोबरला ते वारले.

इराकशी ही तुलना प्रमाणाची नव्हे, पद्धतीची आहे: शिक्षा आधी, पुरावा नंतर. दहशतवाद खरा आहे, म्हणूनच मी पुराव्याचा आग्रह धरतो.