मुका पाहुणा घरचा होतो तेव्हा

रमजानमध्ये देगलूरच्या मोहल्ल्यांना भल्या पहाटे जाग येते. भांड्यांचा आवाज होतो, तव्यावर रोटी पडते, मशिदीतून सहेरीची वेळ सांगितली जाते. अशा वेळी अनेक घरांत आणखी एक जीव टक्क जागा असतो. तो म्हणजे मांजर. हा निव्वळ वासाचा मोह नाही. मांजराचे शरीरच पहाटेच्या आणि सांजेच्या उजेडात शिकार करण्यासाठी घडलेले आहे. दिवसाचा बराच वेळ ते झोपून काढते. रोजेदार घराची सर्वांत जास्त लगबग सहेरीला आणि इफ्तारला असते, आणि मांजराच्याही वेळा त्याच. त्यामुळे एखादे बेवारस पिल्लू घरी आणण्याचे कोणाच्या मनात असेल, तर हा महिना सोयीचा आहे. अट एकच, सब्राची.

प्राणी दत्तक घेणे म्हणजे त्याला पिशवीत घालून घरी आणणे नव्हे. ते एका दुपारचे काम आहे. हे घर त्याला आपले वाटू लागणे, हे खरे काम. आणि ते माणसाच्या हातात निम्मेच असते. उरलेले निम्मे त्या जनावराच्या मर्जीने आणि त्याच्या वेळेने होते. अनेकदा गडबड होते ती इथेच. आणलेले मांजर दोन दिवस पलंगाखालून बाहेर येत नाही. कुत्र्याचे पिल्लू रात्रभर रडते. मग ‘हे काही आपल्याकडे राहायचे नाही’ असे ठरवून तिसऱ्या दिवशी त्याला पुन्हा बाजारात किंवा बसस्थानकामागे सोडले जाते. तिथली जागा तोवर दुसऱ्या कुत्र्या-मांजरांनी धरलेली असते.

तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने

मोठ्या शहरांतल्या निवाऱ्यांमधून कुत्री-मांजरे दत्तक दिली जातात, तेव्हा नव्या घराला एक साधा हिशेब सांगण्याची पद्धत आहे. पहिले ३ दिवस भीतीचे, पुढचे ३ आठवडे ओळखीचे आणि ३ महिने घरचे होण्याचे. हा काही पक्का नियम नाही. मार खाल्लेल्या जनावराला जास्त वेळ लागतो, लहान पिल्लाला कमी. पण यातून घाई कुठे करू नये, हे कळते.

पहिल्या तीन दिवसांत त्याला एकच खोली किंवा एकच कोपरा द्यावा. एक खोके, जुनी चादर, पाण्याची वाटी आणि मांजर असेल तर वाळू भरलेली पसरट पाटी, एवढे पुरे. त्याला ओढून बाहेर काढू नये. मुलांना आवरणे हे यातले सर्वांत अवघड काम. मोहल्ल्यातली सगळी पोरे पिल्लू बघायला जमतात, आणि लपायला जागा नसलेले पिल्लू ओरबाडते. त्यापेक्षा एखाद्याने जवळ जमिनीवर बसून आपले वाचन-पठण करावे. आवाजाची सवय अशीच होते. मांजराकडे टक लावून पाहिले तर त्याला ती धमकी वाटते. डोळे हळूच मिटून उघडले तर धीर येतो. बऱ्याचदा तेही तसेच डोळे मिटून उत्तर देते.

पुढच्या तीन आठवड्यांत त्याला घराचे वेळापत्रक कळू लागते. कोण पहाटे उठते, खायला कोण देते, दार कधी वाजते, तरावीहला घर कधी रिकामे होते, हे सारे ते टिपत असते. या काळात मांजराला बाहेर सोडू नये, नाहीतर ते जुन्या जागेकडे निघते आणि वाटेत हरवते. पहिल्या रोजाला आलेल्या पिल्लाचे हे आठवडे ईदच्या सुमाराला पुरे होतात. पाठ वळवून निवांत झोपणे, पोट वर करून लोळणे, पायाला अंग घासून जाणे, या त्याच्या खुणा. घर आपले झाले, हे ते याच भाषेत सांगते.

भांडे तिरके करणारे सहाबी

मांजराशी मुस्लिम घराचे नाते जुने आहे. हजरत अबू कतादा यांच्या वुजूसाठी त्यांच्या सुनेने पाणी ओतून ठेवले होते. तेवढ्यात एक मांजर आले. त्याला नीट पिता यावे म्हणून अबू कतादांनी भांडे तिरके करून धरले. सून नवलाने पाहू लागली, तेव्हा त्यांनी प्रेषितांची शिकवण सांगितली की, मांजर नापाक नाही. ते तुमच्या अवतीभवती वावरणाऱ्यांपैकीच आहे. अबू दाऊद आणि तिरमिजी यांच्या हदीससंग्रहांत हा प्रसंग आला आहे. मांजराला उपाशी बांधून मारणाऱ्या स्त्रीला झालेल्या शिक्षेची हदीसही अनेकांना ठाऊक असते. तिने त्याला खायलाही दिले नाही आणि स्वतःचे पोट भरायला मोकळेही सोडले नाही. प्राणी पाळणाऱ्या प्रत्येकाने तो दोष नीट पाहावा. ज्याला बांधले, त्याची जबाबदारी घेतली.

कुत्र्याचा प्रश्न आला की मात्र घरात चर्चा होते. कुत्र्याच्या लाळेच्या पाकीबद्दल फिकहच्या मतांत फरक आहे, आणि बहुतेक घरे त्याला आतल्या खोलीत घेत नाहीत. पण शेताची, जनावरांची राखण आणि शिकार यांसाठी कुत्रा ठेवण्याला मुभा आहे. गुहेत आसरा घेतलेल्या तरुणांच्या सोबतीला उंबऱ्याशी बसलेल्या कुत्र्याचा उल्लेख कुरआनच्या सूरह कहफमध्ये येतो. तहानेने व्याकूळ कुत्र्याला आपल्या मोज्यात पाणी भरून पाजणाऱ्याचे गुनाह माफ झाले, अशीही हदीस आहे. देगलूर तालुक्यात शेतातला आखाडा ही कुत्र्याची हक्काची जागा. रस्त्यावरून उचललेले पिल्लू आखाड्यावर चांगले रमते. मात्र तिथे त्याला रोज भाकरी-पाणी देणारे माणूस आणि पावसात आडोसा हवा. लालकंधारी गाईंच्या गोठ्याशी वाढलेला गावठी कुत्रा रात्री किती कामाचा असतो, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही.

मुंबईचा पांजरपोळ, बीडचे मामू

बेवारस प्राण्यांना निवारा देण्याची गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. १८३२ मध्ये मुंबईत इंग्रज सरकारच्या हुकमाने भटकी कुत्री मारली जाऊ लागली, तेव्हा कुत्र्याला पवित्र मानणारा पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि शहरात दंगल झाली. त्यानंतर १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभॉय आणि इतर व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरपोळ उभा राहिला. दंगलीने सुरू झालेल्या गोष्टीचा शेवट असा निवाऱ्यात झाला.

मराठवाड्यातले जवळचे नाव आहे शब्बीर सय्यद यांचे. बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासार तालुक्यातले दहिवंडी हे त्यांचे गाव. लोक त्यांना शब्बीर मामू म्हणतात. त्यांच्या वडिलांनी खाटकाचा धंदा सोडून जनावरे सांभाळायला सुरुवात केली आणि मुलाने ते काम दुष्काळी भागात वाढवले. शंभराहून अधिक गाई-बैल सांभाळणाऱ्या या कुटुंबाला २०१९ मध्ये पद्मश्रीची बातमी आली. चारा-पाण्याची टंचाई असलेल्या गावात घर आधी जनावरांचे पाहते, याची ती दखल होती.

सीरियातल्या हलब शहरात, म्हणजे अलेप्पोत, मोहम्मद अला जलील या रुग्णवाहिका चालवणाऱ्या माणसाने युद्धाच्या काळात मांजरांचा निवारा चालवला. शहर सोडून जाणारी कुटुंबे आपली मांजरे त्यांच्या हवाली करून गेली. २०१६ मध्ये बॉम्बहल्ल्यांत तो निवारा उद्ध्वस्त झाला, तेव्हा त्यांनी तो शहराबाहेर पुन्हा उभारला.

आपल्या देशातही आता रस्त्यावरचा कुत्रा रीतसर दत्तक घेता येतो. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात प्राणिप्रेमींना त्यासाठी महापालिका किंवा नगरपालिकेकडे अर्ज करण्याची मुभा दिली. सोबत अट घातली की, दत्तक घेतलेला कुत्रा पुन्हा रस्त्यावर येता कामा नये. तिसऱ्या दिवशी कंटाळणाऱ्यांसाठी ही अट महत्त्वाची आहे.

दस्तरखानावरचे काय द्यावे

इफ्तारच्या दस्तरखानावरचा घास मायेने पुढे टाकला जातो, पण सगळाच घास मानवत नाही. मांजर मुळात मांसाहारी आहे. नुसत्या दूध-पोळीवर त्याचे भागत नाही. मसाला घालण्याआधी उकडलेल्या मटणाचे किंवा कोंबडीचे चार तुकडे बाजूला काढून ठेवावेत. कांदा-लसूण कुत्रा आणि मांजर दोघांच्याही रक्तातल्या तांबड्या पेशींना घातक असतो, म्हणून सालनाचा रस्सा नको. शिजलेली हाडे ठिसूळ होऊन टोचतात. मोठ्या मांजराला दुधाने अनेकदा हगवण लागते. ईदच्या शीरखुर्म्यात किसमिस असते, आणि ती कुत्र्याच्या मूत्रपिंडाला अपाय करू शकते. खजुराची बी घशात अडकते. पाण्याची वाटी मात्र दिवसभर भरलेली असावी. रोजा माणसाचा आहे, जनावराचा नाही.

लसीचे काम पुढे ढकलू नये. पिल्लू साधारण तीन महिन्यांचे झाले की रेबीजची लस द्यावी लागते आणि पुढे ती वेळोवेळी पुन्हा घ्यावी लागते. जंताचे औषध आणि पाच-सहा महिन्यांनंतर नसबंदी, हेही डॉक्टरांना विचारून करावे; नाहीतर एका मांजरीच्या जागी वर्षभरात डझनभर बेवारस पिल्ले होतात. अवघड दुखणे असेल तर शेजारच्या उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. नव्या जनावराने चावा घेतला किंवा ओरबाडले, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जावे. हळद-चुना लावून थांबू नये. रेबीज एकदा अंगात भिनला की त्यावर इलाज नाही.

मग चाँदरात येते. पाहुण्यांची ये-जा, फटाके, नव्या कपड्यांतली पोरे आणि दिवसभर उघडे दार. नुकत्या रुळलेल्या मांजरासाठी हा सर्वांत कठीण दिवस असतो. त्या दिवशी त्याला आतल्या खोलीत ठेवून दार लावावे, वाटी भरून ठेवावी आणि दाराशी घरातल्या एखाद्या समजूतदार मुलाला नेमावे. दादींच्या जवळची जागा सर्वांत सुरक्षित. तिथे फार कोणी धावत येत नाही.

ईद होते, भांडी घासून जागेवर जातात, घर पुन्हा उशिरा उठायला लागते. शव्वालच्या पहिल्या आठवड्यात पहाटे चारला कोणीतरी पांघरूण ओढते. अम्मी डोळे चोळत उठतात तर पायाशी मांजर बसलेले. रमजान संपला, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. त्याच्या लेखी ही घरात उठायची वेळ आहे, आणि हे घर त्याचे आहे.